निळा घोडा, मोरपंखी पितांबर

आमचे साडू रोह्याला राहतात आणि घोडे बाळगून आहेत. हे वाक्य पेणमध्ये कुणापुढे टाकलं की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. मोठी जमीनदारी असेल, धावीर महाराजांच्या पालखीत काही मान असेल, गेला बाजार माथेरानला घोड्यांचा धंदा तरी असेल, असे हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागतात. मी ते खोडून काढत नाही. सासुरवाडीची अब्रू वाढत असेल तर आपल्या खिशातलं काय जातं?

प्रत्यक्षात साडूंचे घोडे वीतभर उंचीचे आहेत. चारा खात नाहीत, लीद टाकत नाहीत, काचेच्या कपाटात उभे असतात. ते कपाट मुळात मेहुणीच्या रुखवतातल्या काचेच्या भांड्यांसाठी केलेलं. भांडी सध्या माळ्यावर वनवासात आहेत. घोड्यांचा विषय निघाला की मेहुणी काही न बोलता चहा टाकायला आत जाते, आणि त्या दिवशीच्या चहात साखर बेताची असते.

बरं, घोडे तऱ्हेतऱ्हेचे असते तरी एक वेळ समजून घेतलं असतं. वरच्या खणात सगळे एकच. तीच वळवलेली मान, तोच उचललेला पाय, शेपटीला तोच झोल. एक तांबडा, एक काळा, एक ठिपक्यांचा, एक सोन्याचं पाणी दिल्यागत चमकणारा.

"हा तोच घोडा ना?" मी विचारलं.

"साचा तोच," साडू म्हणाले. "रंग नवा." आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रागदारी ऐकताना मी 'हे मघाचंच गाणं ना' म्हणालो.

या घोड्यांची पागा अमेरिकेत आहे. ब्रायर हे कंपनीचं नाव. १९५० साली मास्टरक्राफ्टर्स नावाच्या घड्याळवाल्यांना शेकोटीवरच्या फळीवर ठेवायच्या घड्याळासाठी एक घोडा हवा होता, तो शिकागोच्या ब्रायरने प्लास्टिकमध्ये ओतून दिला. लोक घड्याळ बघून घोडा मागायला लागले. घड्याळ मागे पडलं, घोडं पुढे दामटलं गेलं. खऱ्या घोड्याच्या एक नवमांश मापाचे हे घोडे गोळा करणारी माणसं आता जगभर आहेत. एकच साचा निरनिराळ्या रंगांत घेऊन ओळीने मांडायचा, हा त्यांच्यातला एक मानाचा पंथ आहे. १९९० पासून दर उन्हाळ्यात केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला ब्रायरफेस्ट नावाची यांची जत्रा भरते. खास त्या जत्रेपुरता एखाद्या जुन्या साच्याला नवा रंग देतात, ठरावीक नग काढतात, आणि नग संपले की संपले. त्यातही एक प्रकार असा, की खोका बंद. आत कुठल्या रंगाचा घोडा आहे ते पैसे मोजून खोका उघडल्यावरच कळतं. आपल्याकडे पूर्वी लग्नं अशी होत असत. घोड्याच्या बाबतीत मात्र कुणी एवढा धोका पत्करत नसे.

या मंडळींच्या स्पर्धाही होतात. टेबलावर घोडे मांडायचे, त्यांना चिमुकली खोगिरं आणि लगाम चढवायचे, आणि परीक्षकाने चष्मा पुढे ओढून घोड्याचे खूर तपासायचे. या स्पर्धेला 'लाइव्ह शो' म्हणतात. तिथे जिवंत काय असतं, तर परीक्षक.

साडूंच्या कपाटात जो घोडा नाही, त्याच्याबद्दल ते सर्वात जास्त बोलतात. १९६०च्या दशकात ब्रायरने काही घोडे शोभेच्या रंगांत काढले होते. त्यात एक निळा. घोडा काय निळा असतो का, म्हणून तेव्हा ते फारसे खपले नाहीत. खपले नाहीत म्हणून थोडेच उरले, आणि थोडेच उरले म्हणून आज त्यांच्यासाठी लोक घरातली भांडी विकायला तयार आहेत. (मेहुणीने भांडी माळ्यावर टाकली ती उगाच नव्हे. तिथे हात पोचायला शिडी लागते.) शिवाय आपल्या सरकारने २०२० साली खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ साली ७० वर. त्यामुळे साडूंचा प्रत्येक घोडा हा एक घोडा आणि वर पाऊण घोड्याची जकात, अशा हिशेबाने घरात आला. ही रक्कम मेहुणीला कळलेली नाही. हा लेख तिच्या हाती पडू नये अशी व्यवस्था साडू करत आहेत.

हे वेड यांनाच का लागलं, याचं उत्तर रोह्याच्या शेजारी धाटावला मिळतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे आणि रंगांचे कारखाने आहेत. जगातल्या मोठ्या रंगद्रव्य उत्पादकांत जिचं नाव घेतात ती पुण्याची सुदर्शन केमिकल, तिचाही कारखाना रोह्याचाच. या कंपनीने २०२५ साली ह्यूबाख हा जर्मन रंगसमूह विकत घेतला, तेव्हा रोह्याच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस जर्मनीबद्दल जरा कणवेनेच बोललं जात होतं. साडू अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. मागवलेला रंग आणि बनलेला रंग जुळतो का हे डोळ्यांनी पाहायचं, हे काम आयुष्यभर केलं. निवृत्त झाले ते नोकरीतून, डोळे अजून कामावरच आहेत. लग्नात सगळे नवरीकडे बघतात, हे शालूकडे बघून हळूच म्हणतात, "काठाची आणि अंगाची बॅच वेगळी आहे." पिठल्यात हळद कमी पडली तर ते चवीवरून ओळखत नाहीत, रंगावरून ओळखतात. आपण ज्याला सरसकट तांबडा घोडा म्हणतो त्यात त्यांना कुमैत, तेल्या कुमैत आणि सुरंग असे तीन घोडे दिसतात.

हे शब्द मात्र त्यांनी अमेरिकेहून आणलेले नाहीत. ते आपल्या घरचेच आहेत. घोड्याच्या रंगासाठी आपल्याकडे जेवढे शब्द होते तेवढे माणसाच्या स्वभावासाठीही नसतील. काळे-पांढरे मोठे पट्टे असतील तर अबलख. चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. पांढरा घोडा आणि कान काळे असतील तर श्यामकर्ण, जो अश्वमेधाला लागायचा; म्हणजे ठरावीक नगांची हौस पार तिथपासून आहे, फक्त तेव्हा नग मिळवायला युद्ध करावं लागे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. तिथे आजही पांढऱ्याशुभ्र नुकऱ्यापुढे गर्दी असते, आणि रंग बघून, अंगावरचे भोवरे बघून किमती वरखाली होतात. तिथे उभ्या असलेल्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही, कारण त्याचा घोडा लाथ मारतो. साडूंचा मारत नाही, एवढाच काय तो दोष.

आता कुणी म्हणेल, तुम्ही साडूंची थट्टा करताय. मी पेणचा माणूस आहे. पेणच्या माणसाला या बाबतीत थट्टा करायची सोय नाही. 'घोडं पेंड खातंय कुठे' असं विचारतात ना, ते पेणमध्येच खातंय.

पेणमध्ये आणि आसपासच्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे भोंगा वाजतो तसला नव्हे. घराची पडवी, मागचं परसू, वर टाकलेले पत्रे, आणि आत नजर पोचेल तिथवर गणपती. परदेशी जाणारे गणपती बोटीने जातात म्हणून त्यांची गडबड आधी उडते, आपले नंतर. उन्हाळ्यात आत डोकावलात तर सगळ्या मूर्ती पांढऱ्या किंवा मातीच्या रंगाच्या, एका साच्यातून निघालेल्या, रांगेत पाठीला पाठ लावून बसलेल्या. साच्याची जोडरेघ ओल्या मातीने बुजवायची, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासायची, पांढरा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. पेणचं नाव आहे ते त्या आखणीवर. आखणी करणारा माणूस ब्रश टेकवताना श्वास धरतो. तेवढ्या वेळात त्याला हाक मारू नये, एवढं पेणमधल्या लहान पोराला कळतं. गिऱ्हाइकाला कळत नाही.

गेल्या साली एका कारखान्यात बसलो होतो. ठाण्याकडच्या एक बाई आल्या, पर्समधून मोबाइल काढला, फोटो दाखवला.

"ही आमची गेल्या वर्षीची मूर्ती. शेला राणी होता, पितांबर पिवळं. यंदा हेच नको."

"मग दुसरा साचा दाखवतो," कारखानदार म्हणाला.

"अहो नाही, नाही! चेहरा हाच हवा. आमच्याकडे हाच येतो. रंग तेवढा नवा द्या."

"कुठला देऊ?"

"जो कुणाकडे नसेल तो."

कारखानदाराने मान डोलावली आणि चिठ्ठीवर 'मोरपंखी' असं लिहून पाटाला चिकटवली. मी शेजारची चिठ्ठी वाचली: मोरपंखी. तिच्या पलीकडची: मोरपंखी. 'जो कुणाकडे नसेल तो' हाच त्या साली सगळ्यात जास्त खपलेला रंग होता.

केंटकीत याहून वेगळं काय चालतं, मला सांगा. साचा तोच, रंग नवा, नग ठरावीक. उलट आपण त्यांच्या दोन पावलं पुढे आहोत. २०१४ साली 'जय मल्हार' मालिका सुरू झाली आणि पेणच्या गणपतींना भंडारा लागला. हातात तलवार, कपाळाला मळवट. २०१५ साली 'बाहुबली' आला आणि त्या साली गणपतीने खांद्यावर शिवलिंग उचललं. दोन-तीन वर्षांत ती लाट ओसरली, ते साचे मागच्या भिंतीला टेकून बसले. आज तो बाहुबली गणपती शोधायला जा, मिळणार नाही. दुर्मीळ झाला. फक्त तो जपून ठेवलेला संग्राहकही सापडणार नाही, कारण आपण आपला संग्रह दर वर्षी वाजतगाजत पाण्यात सोडतो. दीड दिवस, पाच दिवस, गौरींबरोबर, अनंत चतुर्दशीला. मुदत घराण्यावर अवलंबून. इतक्या थोड्या मुदतीचा माल ब्रायरलाही काढता आलेला नाही.

आणि घोड्याचं म्हणाल तर आमच्या जिल्ह्याने गणपतीच्या मातीतून घोडासुद्धा काढून दाखवला आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. घरात गणपती करायची परंपरा. मुलाने गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज रंगवले, ते त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या पाहण्यात आलं. भिंत खराब केल्याबद्दल नोटीस काढायची सोडून या गोऱ्या साहेबाने पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला धाडलं. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात जो ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे, तो या करमरकरांनी १९२८ साली केलेला. सासवण्याला त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. मुंबईहून अलिबागला मासे खायला जाणाऱ्यांपैकी शंभरातले दोन जण तिथे वळले तरी पुष्कळ झालं; पण माशांना उशीर होतो.

हे सगळं मी साडूंना सांगितलं ते त्यांचं मन वळावं म्हणून. म्हटलं, घोडाच हवा तर इथे करून घ्या, जकात वाचेल. मन वळलं, पण भलतीकडेच. आठवडाभराने ते गणेशपुराण काखोटीला मारून पेणला आले. त्यात दिलंय, की कृतयुगात गणपतीचं वाहन सिंह, त्रेतायुगात मोर, द्वापरात उंदीर. आणि कलियुगात तो धूम्रकेतू नावाने येणार, तेव्हा घोड्यावर बसून. "निळ्या घोड्यावर," साडू टेबलावर बोट आपटत म्हणाले. "युग कुठलं चालू आहे? मग आपण सगळे अजून उंदीर काय लावतोय?"

यावर कारखानदाराकडे उत्तर नव्हतं. त्याने जय मल्हारचा जुना साचा बाहेर काढला. "घोडा आहे आपल्याकडे. पण पांढरा करतात. खंडोबाचा."

"निळा. आणि एकच नग. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

"अहो पण शाडूत घोडा उभा राहत नाही. चार काटक्यांवर एवढा भार? पोटाखाली टेकू लागतो. प्लॅस्टरमध्ये करू का?"

प्लॅस्टरचं नाव काढल्यावर सगळे गप्प झाले. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध नियमावली काढली, तेव्हापासून पेणचा माणूस मुहूर्ताची तिथी आणि कोर्टाची तारीख दोन्ही पाहून कामाला लागतो. शेवटी शाडूच ठरला. टेकूला दगड नको, गवत नको, अशी चर्चा बराच वेळ झाली. मग कोपऱ्यात बसून दागिने रंगवणारी एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "उंदीर ठेवा की खाली. तो रिकामाच आहे."

तसंच झालं. द्वापरयुगातलं वाहन कलियुगातल्या वाहनाला पाठीने तोलून उभं राहिलं. उंदराच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते बढती हुकलेल्या हेडक्लार्कलाच शोभावेत. घोड्याच्या निळ्या रंगासाठी साडूंनी पेणमध्ये मुक्कामच ठोकला. पहिला हात फार जांभळा, दुसरा फार आकाशी, तिसऱ्याला चमक जास्त. रंगवणाऱ्या पोराने चौथ्या वेळी विचारलं, "काका, तुम्ही निळा घोडा कधी बघितलाय का?" साडू म्हणाले, "फोटोत." पोरगा म्हणाला, "मग फोटोतलाच काढतो," आणि मोबाइल समोर उभा करून काढलाही. पितांबर मात्र मोरपंखीच आलं. यंदा सगळ्यांना तेच जातंय, असं कारखानदार म्हणाला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती रेल्वेने रोह्याला न्यायची होती. आपल्याकडे मूर्ती आणताना तिचं तोंड कापडाने झाकतात. मेहुणीने पाठवलेला लाल रेशमी रुमाल आम्ही श्रद्धेने बांधला. त्यामुळे गाडीत जे दिसत होतं ते असं: तोंड झाकलेला, भरजरी पोशाखातला कुणीतरी, निळ्या घोड्यावर बसलेला.

कासूला एक काकू चढल्या. नीट निरखून म्हणाल्या, "खंडोबा का हो?"

"गणपती."

"मग घोडा कसा?"

"कलियुग आहे," साडू म्हणाले. काकूंना ते पटलं असावं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

नागोठण्याला कॉलेजातली पोरं चढली. एकाने विचारलं, "नवरदेव कुठल्या गावचा?" दुसरा म्हणाला, "घोडा निळा आहे म्हणजे मुलगा फॉरेनचा." निडीला एक आजोबा हात जोडून उभे राहिले, आणि त्यांचं बघून डब्यातले आणखी चार जण. कुणाला जोडले ते त्यांनाही विचारायचं सुचलं नाही. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पुढे जाणाऱ्या गणपती स्पेशलच्या गर्दीतून निळा घोडा सुखरूप बाहेर काढताना साडू 'घोडा सांभाळा, घोडा' असं ओरडत होते. गणपती माझ्या बाजूला होता. त्याच्यासाठी कुणी ओरडलं नाही.

साडूंकडे गणपती दीड दिवसाचा. सारा रोहा निळा घोडा बघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली, उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली, आणि साडू बायकोला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "विसर्जन गणपतीचं करायचं असतं. घोडा जोड आहे. तो तेवढा काढून घेतला तर चालेल ना?"

मेहुणी म्हणाली, "मग गणपती काय चालत जाणार का?"

याला गणेशपुराणातही उत्तर नाही. घोडं कुंडलिकेत न्हालं. उंदीरही न्हाला, सुटला बिचारा. रुखवतातली भांडी अजून माळ्यावरच आहेत, पण कपाटाचा खालचा खण रिकामा करून द्यायचं साडूंनी कबूल केलं आहे. पुढच्या वर्षीचा पाटही त्यांनी पेणला आधीच देऊन ठेवलाय. साचा तोच, घोडा या वेळी अबलख. पुराणात निळा लिहिलाय याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "तो झाला की गेल्या वर्षी."

तेव्हा पेणला मूर्ती सांगायला येणार असाल तर अक्षय्य तृतीयेच्या आसपास या, आणि रंग तेव्हाच सांगून चिठ्ठी चिकटवून घ्या. श्रावण लागल्यावर येऊन 'कुणाकडे नसेल असा रंग द्या' म्हणालात, तर मोरपंखी मिळेल.